सर जॉन माल्कम : तहनामे लिहिणारा शिपाई, मुंबईचा गव्हर्नर

घाटमाथा

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचं जुनं नाव माल्कम पेठ. बहुतेकांची या माणसाशी ओळख तेवढ्यावरच थांबते. पण मराठेशाहीच्या अखेरच्या पंधरा वर्षांतले कागद काढून बसलं की हे नाव सारखं भेटतं. १८०४चा शिंद्यांशी झालेला बुऱ्हाणपूरचा तह, जानेवारी १८१८चा होळकरांशी झालेला मंदसौरचा तह आणि त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती, तिन्ही ठिकाणी कंपनीच्या बाजूने बोलणी करणारा माणूस हाच. एल्फिन्स्टनवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, ग्रँट डफवरही. माल्कमवर त्या मानाने फार थोडं. म्हणून हा धागा.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेलगत, डम्फ्रीसशायरमध्ये लँगहोम गावाजवळ बर्नफूट नावाची शेतवाडी आहे. तिथे २ मे १७६९ रोजी जॉनचा जन्म झाला. वडील खंडाने शेती करायचे, भावंडं सतरा आणि घर कर्जात. अशा घरातल्या मुलांपुढे आरमार, लष्कर नाहीतर ईस्ट इंडिया कंपनी, एवढेच रस्ते होते. जॉनला कंपनीच्या संचालकांपुढे उभं केलं तेव्हा तो जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. हैदर अली समोर आला तर काय करशील, या प्रश्नावर तलवार उपसून त्याचं मुंडकं उडवीन असं त्याने सांगितलं आणि नोकरी पक्की झाली, ही गोष्ट त्याच्या चरित्रात आहे. एप्रिल १७८३मध्ये तो मद्रासला उतरला.

सुरुवातीची काही वर्षं पलटणीत आणि कर्जात गेली. त्याला वर काढलं ते फारसी भाषेने. दरबारांचा पत्रव्यवहार तेव्हा फारसीत चाले आणि ती नीट जाणणारे गोरे अधिकारी थोडे होते. १७९२च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत निजामाच्या फौजेबरोबरच्या तुकडीत तो फारसीचा दुभाष्या झाला. १७९८मध्ये हैदराबादला सहायक रेसिडेंट (रेसिडेंट म्हणजे दरबारात बसणारा कंपनीचा वकील), आणि निजामाच्या पदरची फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज बरखास्त झाली त्या कामात सामील. १७९९मध्ये टिपू पडल्यावर म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या मंडळाचे दोन चिटणीस होते, एक माल्कम आणि दुसरा थॉमस मन्रो. मन्रोही स्कॉटलंडचाच, पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी माल्कम इराणच्या शहाकडे वकील म्हणून निघाला. तेव्हा त्याचं वय तीस. त्या देशात तो पुढे आणखी दोनदा गेला आणि १८१५मध्ये त्याने इराणचा दोन खंडी इतिहास छापला.

आता आपल्याकडचा भाग. १८०३च्या युद्धात तो आर्थर वेलस्लीबरोबर होता, पण आजारी पडल्यामुळे असईची लढाई त्याला चुकली. तह करायची वेळ आली तेव्हा मात्र तो हजर. शिंद्यांच्या बाजूने विठ्ठलपंत बोलणी करत. चेहऱ्यावर रेषही हलू न देता वाटाघाट करणारा हा वृद्ध मुत्सद्दी माल्कमच्या मनात इतका भरला की इंग्रज छावणीत त्याला एका पत्त्यांच्या खेळाचं नाव पडलं. पुढे १८१५मध्ये पॅरिसला माल्कमने वेलस्लीला, म्हणजे तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या मित्राला, फ्रान्सचा तालेराँ कसा वाटला असं विचारलं. उत्तर आलं, आपल्या विठ्ठलपंतांसारखाच, पण तितका हुशार नाही. युरोपचा सर्वात धूर्त गणला गेलेला मुत्सद्दी या मराठी कारभाऱ्यापेक्षा उणा ठरला, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत विठ्ठलपंतांचं नाव सापडत नाही. मला याची खंत वाटते.

त्या तहानंतर ग्वाल्हेरचा किल्ला कोणाकडे राहावा यावर वाद झाला. शिंद्यांशी बोलताना जो अर्थ दिला गेला तोच पाळावा, किल्ला त्यांना द्यावा, असं माल्कमचं म्हणणं. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ, यावर भडकला. माल्कमने तरी आपलं मत बदललं नाही.

१८१७-१८मध्ये तो पुन्हा मैदानात दिसतो. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला क्षिप्रा ओलांडून होळकरांच्या तोफांवर चालून जाणाऱ्या हल्ल्याचं नेतृत्व त्याने केलं. सोळा दिवसांत, ६ जानेवारीला, मंदसौरचा तह झाला. मग मे महिन्यात बाजीराव असीरगडाजवळ धुळकोटला येऊन थांबला आणि त्याने महूला माल्कमकडे वकील पाठवले. १ जूनला खेरी इथे भेट झाली, ३ जूनला पेशवा शरण आला. अट अशी की गादीवरचा हक्क स्वतःसाठी आणि वारसांसाठी सोडायचा, दख्खन सोडून उत्तरेत जायचं आणि सालाना आठ लाख रुपये घ्यायचे. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला. माल्कमचं गणित वेगळं होतं. असीरगडासारखा किल्ला शेजारी, पावसाळा तोंडावर. मोहीम आणखी एक हंगाम लांबली असती तर खर्च याहून जास्त, आणि शिवाय पेशव्याला अपमानित करून पकडलं तर त्याच्याभोवती पुन्हा माणसं गोळा होतील.

माझं म्हणणं असं आहे की माल्कमची कारकीर्द समजून घ्यायची किल्ली इथे आहे. हरलेल्याला काय द्यायचं हे ठरवणं हे त्याचं खरं कसब. जिंकण्यापेक्षा जिंकलेलं पचवणं कठीण असतं हे त्याला कळलं होतं, म्हणून राजे, सरदार, जहागीरदार, देवस्थानं यांना होता होईल तेवढं जागच्या जागी ठेवायचं आणि बदल सावकाश करायचे, हे धोरण तो आयुष्यभर मांडत राहिला. त्यात माणुसकी होती असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच माणुसकीने कंपनीचं राज्य पक्कं केलं हेही तितकंच खरं.

गव्हर्नरपद त्याला १८१९मध्येच मिळेल असं त्याला वाटलं होतं. मुंबई मिळाली एल्फिन्स्टनला, पाठोपाठ मद्रास मन्रोला. दोघेही त्याचे मित्र आणि एल्फिन्स्टन तर दहा वर्षांनी लहान. ते त्याला लागलं. शेवटी १ नोव्हेंबर १८२७ला तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि ५ डिसेंबर १८३०पर्यंत राहिला. त्या तीन वर्षांवर जाणकारांनी लिहावं.

---

शिप्राकाठ

छान लिहिलंत, घाटमाथा. आम्ही माळव्यातले मराठी, आमच्याकडे माल्कमचं नाव वेगळ्या कारणाने निघतं.

महिदपूरची लढाई तुम्ही एका ओळीत संपवलीत. तिच्या आदल्या दिवसांत होळकरांच्या छावणीत काय चाललं होतं ते आठवा. यशवंतराव १८११मध्ये गेले, गादीवर मल्हारराव दुसरे, वय जेमतेम बारा. कारभार तुळसाबाईंच्या हाती. इंग्रजांशी बोलणी करायच्या विचारात त्या होत्या, आणि लढायला उतावीळ झालेल्या पठाण सरदारांनी त्यांना कैद करून रात्री क्षिप्रेच्या काठी ठार मारलं. दुसऱ्या दिवशी लढाई. पोर राजा रणांगणावर हजर होता. अशा फाटलेल्या फौजेनेही इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून सातशेच्या वर माणसं पाडली. तोफखाना शेवटपर्यंत जागेवरून हलला नाही. हे सांगितल्याशिवाय महिदपूर पुढे सरकू नये.

१८१८ ते १८२१ माल्कम महूला बसून माळव्याचा कारभार बघत होता. मांडूजवळ नालछ्याला जुन्या पडक्या इमारतीची डागडुजी करून तिथेही राहायचा. त्या काळात त्याने गावोगावच्या माणसांना विचारून, दफ्तरं चाळून मध्य हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८२३मध्ये छापला गेला. अहिल्याबाईंबद्दल त्याने त्यात जे लिहिलं आहे ते वाचताना मला नेहमी भरून येतं. बाई जाऊन तेव्हा सुमारे पंचवीस वर्षंच झाली होती, त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं जिवंत होती. आपल्या मर्यादित वर्तुळात होऊन गेलेल्या सर्वात निर्मळ राज्यकर्त्यांपैकी एक, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्या घराण्याच्या बाईबद्दल हे लिहावं याचं मोल मी कमी मानणार नाही.

---

दप्तरखाना

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण 'माणुसकी' या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मंदसौरच्या तहात होळकरांनी काय गमावलं ते पाहा. सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख, त्यात खानदेश आला. राजपूत राज्यांवरचे खंडणीचे हक्क. टोंक आणि जावरा त्यांच्याच पठाण सरदारांना, अमीरखानाला आणि गफूरखानाला, आणि ते दोघेही परस्पर कंपनीच्या छत्राखाली. वर तैनाती फौज. पायाखालची जमीन काढून घ्यायची आणि बसायला चौरंग द्यायचा, याला मी औदार्य म्हणत नाही. होळकरांच्या बाजूने तात्या जोगांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं, त्याचं श्रेय त्यांना द्या.

दुसरं, ऑगस्ट १८१७ची माहुलीची भेट तुमच्या लेखात नाही. बाजीराव साताऱ्याजवळ माहुलीला होता, माल्कम त्याला भेटला आणि पेशवा आता सरळ वागणार अशी खात्री बाळगून परतला. पेंढाऱ्यांविरुद्ध मदत म्हणून फौज वाढवायला हरकत नाही, असंही तिथे ठरलं. पुण्यात रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन डोक्याला हात लावून बसला, कारण त्याला पेशव्याची लढाईची तयारी दिसत होती. तीन महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. माणसं ओळखण्याच्या ज्या हातोटीबद्दल तुम्ही लिहिता ती माहुलीला कुठे होती?

---

घाटमाथा

दप्तरखाना, माहुलीचा मुद्दा बिनतोड आहे, तो इथे नोंदवलात हे बरं झालं. माल्कम समोरच्यावर पटकन विश्वास टाकायचा. पण हाच स्वभाव पुढच्या जूनमध्ये उपयोगी पडला. बाजीरावाने एल्फिन्स्टनकडे वकील पाठवले नाहीत, माल्कमकडे पाठवले. पंधरा वर्षांची ओळख, माहुलीची भेट, यामुळेच ना? धुळकोटला पेशव्याजवळ हजारो स्वार होते, त्यात अरबांची तुकडी. एक मोठी कत्तल टळली. त्या फौजेतल्या साध्या शिलेदाराच्या बाजूने पाहिलं तर आठ लाखांचा सौदा मला वाईट दिसत नाही.

---

वकिली चष्मा

गव्हर्नरपदाच्या तीन वर्षांबद्दल लिहितो, कारण कायद्याच्या इतिहासात त्यातलं एक प्रकरण फार महत्त्वाचं आहे आणि मराठीत त्यावर जवळजवळ काहीच नाही.

मुंबईत १८२४पासून सुप्रीम कोर्ट होतं. ते राजाचं कोर्ट, कंपनीचं नव्हे. न्यायाधीश थेट इंग्लंडहून नेमलेले. त्यांचा अधिकार मुंबई बेटापुरता की सगळ्या इलाख्यावर, हा वाद आधीपासून धुमसत होता. १८२८मध्ये मोरो रघुनाथ नावाच्या अल्पवयीन मुलाचं प्रकरण आलं. पुण्यातले एक बडे गृहस्थ पांडुरंग रामचंद्र यांच्या ताब्यात तो होता. मुलाला कोर्टापुढे हजर करा असा बंदी-प्रत्यक्षीकरणाचा हुकूम निघाला. माल्कमच्या सरकारने ठरवलं की पुण्यात हा हुकूम बजावू द्यायचा नाही. नुकतंच जिंकलेलं दख्खन, तिथल्या मानकऱ्यांना घरगुती बाबतीत मुंबईच्या कोर्टात ओढलं तर त्यांना दिलेल्या वचनांचं काय, हा त्याचा युक्तिवाद.

ऑक्टोबर १८२८मध्ये सरकारने न्यायाधीशांना तसं पत्रच लिहिलं. तिघांपैकी मुख्य न्यायाधीश वेस्ट त्याआधीच ऑगस्टमध्ये वारले होते. पत्रानंतर थोड्याच दिवसांत चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट, आणि तेही स्कॉटलंडचे. सरकार हुकूम मानत नसेल तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही म्हणून एप्रिल १८२९मध्ये त्यांनी चक्क कोर्ट बंद केलं. मुंबईत वर्तमानपत्रांपासून क्लबांपर्यंत दोन तट पडले.

त्यात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा लंडनमधला मंत्री लॉर्ड एलेनबरो याचं खासगी पत्र बाहेर फुटलं आणि छापून आलं. नवे दोन न्यायाधीश येत आहेत, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये चालवलेला रानटी हत्ती होईल, असं त्यात होतं. न्यायाधीशांबद्दल मंत्र्याने असं लिहिणं हा तेव्हाही मोठा घोटाळा ठरला. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्लंडमधल्या वरिष्ठ अपील मंडळाने, शेवटी कोर्टाचा अधिकार नाकारला, म्हणजे माल्कम जिंकला.

माझं स्पष्ट मत : माल्कमचा राजकीय हेतू समजू शकतो, पण तत्त्व ग्रँटच्या बाजूला होतं. कोंडून ठेवलेल्या मुलाला न्यायाधीशापुढे उभं करा, यापेक्षा साधी मागणी कोणती? सरदारांचा मान राखताना त्या मुलाचं ऐकलं गेलं नाही. घाटमाथा ज्याला 'जागच्या जागी ठेवणं' म्हणतात, त्याची किंमत कोणीतरी आतल्या खोलीत मोजत असतो.

---

कृष्णाकाठ

महाबळेश्वराबद्दल भर घालते. डोंगरावर इंग्रजांची ये-जा माल्कमच्या आधीपासून होती, १८२४मध्ये लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी वर चढून गेला, ते टोक त्याच्याच नावाने ओळखतात. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर रस्ता करून घेतला, हे विसरता कामा नये. माल्कम १८२८च्या हिवाळ्यात आला आणि त्याने तिथे आजारी सैनिकांसाठी आरोग्यस्थान उभारायचं ठरवलं. जमीन महाराजांची. मे १८२९मध्ये करार झाला, डोंगरावरच्या जागेच्या बदल्यात कंपनीने वाई भागातलं खंडाळा गाव साताऱ्याला दिलं. माल्कम पेठ हे नावही महाराजांनीच दिलं.

त्याच महाराजांना दहा वर्षांनी, १८३९मध्ये, कंपनीने कटाचा आरोप ठेवून गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. तिथेच ते १८४७मध्ये वारले. माल्कम तेव्हा हयात नव्हता. मैत्रीचा करार करणारा माणूस गेला की करारातली मैत्री जाते, कागद तेवढा राहतो.

---

बोरघाट

१० नोव्हेंबर १८३०ला बोरघाटातला गाडीरस्ता माल्कमने खुला केला, म्हणजे परत जायच्या महिनाभर आधी. तोवर घाटातून माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा. गाडी जाऊ लागल्यावर दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदराला जवळ आला. आणि त्याच वर्षी २० मार्चला 'ह्यू लिंडसे' ही मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली आगबोट सुएझला निघाली, महिन्याभरात पोचली. तिजोरीत तूट होती, वरून काटकसरीचे हुकूम येत होते, तरी त्याने ती पाठवली. कंपनीचे संचालक कोळशाच्या खर्चावरून नाराज झाले. माल्कमच्या तीन वर्षांतलं सर्वात टिकाऊ काम मी या दोन वाटांना म्हणेन. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स तेव्हा मुंबईच्या आरमाराचा प्रमुख होता.

---

सोरठ

थोडं अवांतर. २६ फेब्रुवारी १८३०ला राजकोटला स्वामीनारायण संप्रदायाचे संस्थापक सहजानंद स्वामी आणि माल्कम यांची भेट झाली. स्वामींनी त्याला शिक्षापत्रीची, म्हणजे संप्रदायाच्या आचारनियमांच्या ग्रंथाची, प्रत दिली. ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि दर्शनाला जगभरातून सत्संगी येतात. सतीबंदी बंगालपाठोपाठ मुंबई इलाख्यात लागू झाली ती त्याच वर्षी. स्वामी सतीच्या आणि मुली मारण्याच्या प्रथेविरुद्ध आधीपासून बोलत होते, त्यामुळे काठेवाडात या भेटीला वजन होतं.

---

दप्तरखाना

सगळ्यांनी चांगली भर घातली. वकिली चष्मा यांचा प्रतिसाद तर स्वतंत्र लेख व्हावा.

आठ लाखांच्या कराराचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवतो. बाजीराव फार जगणार नाही असा कंपनीतल्या अनेकांचा होरा होता. तो ब्रह्मावर्ताला (कानपूरजवळचं बिठूर) २८ जानेवारी १८५१पर्यंत जगला. साडेबत्तीस वर्षं, म्हणजे अडीच कोटींच्या वर रुपये. हेस्टिंग्जची कुरकुर त्या हिशेबाने बरोबर ठरली म्हणायची.

तो गेल्यावर दत्तक पुत्र नानासाहेबांनी तनखा चालू ठेवायची मागणी केली. त्यांचा आधार माल्कमचाच कागद. तनखा बाजीराव आणि त्याचं कुटुंब यांच्या निर्वाहासाठी, असे शब्द त्यात होते. एकट्याच्या हयातीपुरताच द्यायचा होता तर कुटुंब हा शब्द घातला कशाला, असा त्यांचा प्रश्न. गव्हर्नर जनरल डलहौसीने नकार दिला. नानासाहेबांनी लंडनला संचालकांकडे अर्ज केला, अझीमुल्ला खान त्यासाठी विलायतेला गेला, तिथेही नकार.

माल्कम ३० मे १८३३ला लंडनमध्ये वारला. त्या शब्दांचा अर्थ विचारायला कोणी उरलं नव्हतं. १८०४मध्ये ग्वाल्हेरच्या बाबतीत त्याने जो आग्रह धरला होता, की बोलताना जो अर्थ दिला तोच पाळावा, तो आग्रह १८५१मध्ये कलकत्त्याला धरणारा एकही अधिकारी निघाला नाही.

---

घाटमाथा

दप्तरखाना, तुमच्या शेवटच्या प्रतिसादासाठी आभार. नानासाहेबांच्या अर्जाचा पूर्ण मजकूर मराठीत आणायला हवा, मी कामाला लागतो. शिप्राकाठ, अहिल्याबाईंवरचं माल्कमचं प्रकरण तुम्ही घ्याल का? माळव्याची गावं आणि घराणी तुम्हाला ठाऊक आहेत, टिपा तुमच्याच हातून चांगल्या होतील.

---

शिप्राकाठ

घेते. महेश्वर आणि इंदूरच्या नावांची जुनी इंग्रजी रूपं आधी ओळखावी लागतील, त्यात वेळ जाईल. पहिला भाग दिवाळीनंतर इथेच टाकते.